क्रांतिसिंह नाना पाटील आणि पत्री सरकारचे न्यायदान

(१)

इतिहाससंशोधन म्हणजे दोनशे वर्षांपलीकडील कागदांचे वाचन, असा एक समज आपल्या मंडळींत रूढ झालेला आहे. बखरी, शकावल्या, महजर व निवाडपत्रे यांवर आपण जेवढे परिश्रम करितो, त्याच्या दशांशही परिश्रम आपल्या आजोबांच्या पिढीत घडलेल्या गोष्टींवर करीत नाही. परिणाम असा झाला आहे की, वतनाच्या एखाद्या शिवकालीन तंट्यात कोणत्या गावचा कोणता पाटील साक्षीस उभा राहिला, हे आपणांस नावनिशीवार सांगता येते. परंतु त्याच गावात इ. स. १९४३ ते १९४६ या अवधीत जी न्यायसभा बसत असे, तिचे पंच कोण होते हे सांगताना आपण अडखळतो. ही न्यायसभा ज्या चळवळीने चालविली तिला लोक पत्री सरकार म्हणत, व जो पुरुष त्या चळवळीचा मुखवटा व मुखत्यार दोन्ही मानला गेला, तो म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील. त्यांचे चरित्र व त्यांच्या कार्याचा वारसा यांचा विचार पुराव्याच्या दृष्टीने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाची भूमी आपल्या परिचयाची आहे. क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावून कृष्णा वाई, कराड, वाळवे या मुलखातून सांगलीकडे जाते. चळवळीचा पसारा बहुतांशी याच कृष्णाकाठी व त्याच्या आजूबाजूस होता. हा सर्व टापू त्या काळी सातारा जिल्ह्यात किंवा त्यास लागून असलेल्या संस्थानांत मोडत असे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, व १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून जुन्या कागदांत ‘सातारा’ हा शब्द आढळल्यास त्यात आजच्या दोन्ही जिल्ह्यांचा समावेश समजावा.

(२)

प्रथम चरित्राची रूपरेषा. नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी झाला. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवे. शिक्षण बेताचे, तलाठ्याची नोकरी काही काळ केली. सत्यशोधक चळवळीचे वारे त्या वेळी सातारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत जोरात वाहत होते, व त्याचा संस्कार नानांवर लहान वयातच झाला. हुंडा, मानपान व कर्ज यांत बुडणाऱ्या कुणब्याची दुर्दशा त्यांनी तलाठी या नात्याने दप्तरातून व शेतकरी या नात्याने बांधावरून, अशी दोन्हीकडून पाहिली होती. १९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, तेव्हा नोकरी सोडून ते तीत पडले. त्याच साली बिळाशी येथील जंगल सत्याग्रहाने वारणाकाठ पेटला होता. १९३२ ते १९४२ या दशकात त्यांस आठनऊ वेळा कारावास घडला.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस ‘भारत छोडो’ ठराव झाल्यावर सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. ३ सप्टेंबरचा तासगावचा मोर्चा शांततेने पार पडला. परंतु ९ सप्टेंबरला वडूज येथे गोळीबार होऊन परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी मिळून नऊ जण धारातीर्थी पडले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथे पंड्या व बारपटे हे दोघे बळी पडले. या दोन दिवसांनी चळवळीचे रूप पालटले. उघड मोर्चांची जागा भूमिगत संघटनेने घेतली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, कुंडलास जी. डी. बापू लाड यांचे तुफान दल उभे राहिले. वाळव्यास नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडे किसन वीर असे निरनिराळे गट काम करू लागले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीनजीक आगगाडी अडवून व १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडील चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटून चळवळीने द्रव्य उभे केले. दुसऱ्या लुटीतील रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपये होती.

या सर्व खटाटोपात नाना पाटलांचे स्थान नेमके कोणते, हा प्रश्न विचारणे रास्त आहे. दलांची रचना, शस्त्रांची जमवाजमव, लुटीची आखणी ही कामे मुख्यतः तरुण मंडळींनी केली. नाना हे चळवळीचे वाणी होते. शेतकऱ्यास आपल्या बैलाबद्दल बोलताना जी भाषा सुचते, त्या भाषेत ते राज्यसत्तेबद्दल बोलत. शाहीर निकमांचा पोवाडा व नानांचे भाषण या दोन गोष्टींनी जे केले ते बंदुकांनी झाले नसते. चव्वेचाळीस महिने ते भूमिगत राहिले आणि एवढ्या अवधीत एकाही गावाने त्यांस धरून दिले नाही. महात्माजींनी १९४४ साली सुटकेनंतर भूमिगतांनी प्रकट व्हावे असा सल्ला दिला, तोही साताऱ्याच्या मंडळींनी मानला नाही. १९४६ साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर नाना उघडपणे लोकांपुढे आले.

स्वातंत्र्यानंतर ते प्रथम शेतकरी कामगार पक्षात व पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५७ च्या निवडणुकीत साताऱ्याहून ते लोकसभेवर निवडून गेले, व १९६७ साली बीडहून पुन्हा गेले. घटनेच्या १२० व्या कलमान्वये हिंदी वा इंग्रजी नीट न येणाऱ्या सभासदास अध्यक्षांच्या अनुज्ञेने मातृभाषेत बोलता येते. या सवलतीचा लाभ घेऊन लोकसभेत मराठीतून भाषण करणारे पहिले सभासद, अशी त्यांची ख्याती आहे. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

(३)

आता नावाचा विचार करू. ‘पत्री सरकार’ या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती प्रचलित आहेत. एक अशी की, गुन्हेगाराच्या तळपायावर मार देण्याची शिक्षा हे सरकार देई. बैलाच्या खुरास पत्री ठोकतात तसा हा प्रकार म्हणून लोकांनी हे नाव ठेविले. दुसरी अशी की, मूळ शब्द ‘प्रतिसरकार’ असून लोकांच्या तोंडी त्याचे ‘पत्री सरकार’ झाले. ‘प्रति’ हा संस्कृत उपसर्ग व ‘सरकार’ हा फारसी शब्द यांचा हा समास सुशिक्षितांनी घडविलेला उघड दिसतो. रकार व तकार यांची अदलाबदल होऊन ‘प्रति’चे ‘पत्री’ होणे वर्णविपर्ययाच्या नेहमीच्या रीतीस धरूनच आहे. तेव्हा दुसरी व्युत्पत्ती शब्दाचे मूळ सांगते, आणि पहिली ही तो शब्द लोकांस एवढा का रुचला याचे कारण सांगते. दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही.

संशोधकास मात्र या नावात एक तिसरीच गोष्ट बोचते. पत्र म्हणजे लेख. ज्या सरकारच्या नावात पत्र आहे, त्या सरकारने पत्रे फारशी मागे ठेविली नाहीत. आणि ठेवावी तरी कशी? ज्याच्या घरी चिठ्ठी सापडे तो तुरुंगात जाई. निकाल लिहून ठेवणे म्हणजे फिर्यादी, आरोपी व पंच या सर्वांची यादी पोलिसांच्या हाती देणे. म्हणून लेखाचा अभाव हा त्या न्यायसभांचा निष्काळजीपणा मानता कामा नये. तो त्यांच्या अस्तित्वाचाच एक नियम होता.

(४)

हे न्यायदान होते तरी कसे? गावोगाव पंच निवडले जात. जमिनीच्या बांधाचे व वाटणीचे तंटे, सावकाराचे देणे व गहाण, टाकलेल्या स्त्रियांची गाऱ्हाणी, चोऱ्या व दरोडे अशा सर्व प्रकारची प्रकरणे त्यांच्यापुढे येत. फिर्याद देण्यास मुद्रांक लागत नसे, वकील लागत नसे, तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागत नसत. निकाल सर्वांसमक्ष होई व तो बहुधा त्याच दिवशी अंमलात येई. दारूबंदी, हुंडाबंदी व अल्पखर्चाचे ‘गांधी विवाह’ ही याच कार्याची दुसरी बाजू होती. कारण कुणब्याचे शेत सावकाराकडे जाण्यास लग्नाचा खर्च हेच पुष्कळदा निमित्त होई.

या पद्धतीचे मूळ शोधू जाता ते परदेशी ग्रंथांत सापडावयाचे नाही. जुन्या मराठी राज्यात गोतसभा होती. मसूरच्या जगदाळ्यांचे कागद राजवाड्यांनी छापले आहेत. त्यांवरून कऱ्हाड प्रांतातील वतनाचा तंटा गोतापुढे कसा चाले हे वाचकांस विदित आहेच. वादी-प्रतिवादींच्या तकरीरा, साक्षीदारांचे जबाब, गोताचा निर्णय आणि शेवटी महजरावर पाटलाचा नांगर व बलुतेदारांची आपापली हत्यारे ही निशाणी. १८१८ नंतर एल्फिन्स्टन साहेबांनी पंचायतीची प्रशंसा करून ती काही काळ टिकविली. परंतु १८२७ च्या कायदेसंग्रहाने व तदनंतरच्या दिवाणी न्यायालयांनी तिचे तेज हरण केले. सातारचे राज्य खालसा झाल्यावर हीच स्थिती या मुलखास आली. पंचायत नाहीशी झाली तरी पंचायतीची आठवण नाहीशी झाली नव्हती.

दुसरे मूळ शेजारीच होते व त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. तुफान दलाचे केंद्र जे कुंडल, ते ब्रिटिश मुलखात नसून औंध संस्थानात होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महात्माजींच्या सल्ल्याने १९३९ साली प्रजेस स्वराज्याची घटना दिली. तीत ग्रामपंचायत हा राज्याचा पाया मानला असून गावचे तंटे गावातच मिटावेत अशी योजना होती. म्हणजे १९४३ च्या पूर्वी चार वर्षे कुंडल परगण्याच्या लोकांनी गावची न्यायपंचायत कायदेशीर रूपात पाहिली होती. औंध, सांगली, मिरज, जत, कोल्हापूर अशा संस्थानांच्या सरहद्दी या भागात इतक्या गुंतलेल्या होत्या की, भूमिगतांस त्या लपण्यास सोयीच्या पडल्या, हे सर्वजण सांगतात. परंतु त्या सरहद्दीवरून माणसांप्रमाणे कल्पनाही ये-जा करीत होत्या, हेही सांगितले पाहिजे.

(५)

याज्ञवल्क्याने व्यवहाराची तीन मानुष प्रमाणे सांगितली आहेत: लिखित, भुक्ति व साक्षी. यांपैकी एकही नसेल तर दिव्य. पत्री सरकारच्या इतिहासास हीच फूटपट्टी लावून पाहू.

लिखिताचा विचार करिता विपुल कागद एकाच बाजूचे आहेत, असे दिसून येते. पोलिसांचे अहवाल, वॉरंटे, जिल्हाधिकाऱ्यांचे गुप्त पत्रव्यवहार व खटल्यांची कामे सरकारी दप्तरात शिल्लक आहेत. त्यांवरून लिहिलेल्या इतिहासात आगगाडी, खजिना व खून यांस मोठे स्थान मिळणे अपरिहार्य आहे. कारण पोलिसांस तेवढेच दिसत होते. एखाद्या विधवेचे शेत तिला परत मिळाले, याची नोंद फौजदार कशास करील? उमाजी नाईकाचा इतिहास केवळ कंपनी सरकारच्या कागदांवरून लिहिल्यास जे होते, तेच येथे होईल.

उलटपक्षी नानांच्या आयुष्याचा एक भाग मात्र छापील कागदाने भरलेला आहे, व तो म्हणजे लोकसभेतील कारकीर्द. तेथील प्रत्येक शब्द नोंदला जातो. भविष्यकाळी एखादा चरित्रकार चव्वेचाळीस भूमिगत महिन्यांस चार पाने व लोकसभेतील वर्षांस चाळीस पाने देईल, तर त्यात त्याचा दोष थोडा व कागदाच्या विषम वाटणीचा दोष अधिक राहील.

कागद असला म्हणजे सत्य हाती आले, असेही नव्हे. ज्या साली नाना लोकसभेत गेले त्याच १९५७ साली मे महिन्यात अमेरिकेच्या सेनेटचे सभासद जोसेफ मॅकार्थी मरण पावले. ९ फेब्रुवारी १९५० रोजी व्हीलिंग या गावी भाषण करिताना त्यांनी परराष्ट्रखात्यात कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला आणि त्यांची यादी आपल्या हाती आहे असे सांगितले. यादीतील संख्या पुढे प्रसंगाप्रमाणे पालटत गेली. यादी मात्र कोणी पडताळून पाहिली नाही. तरीही तिच्या धाकाने चार वर्षे लोकांच्या नोकऱ्या गेल्या व अब्रू गेली; अखेर २ डिसेंबर १९५४ रोजी सेनेटनेच त्यांचा निषेध केला. न वाचलेल्या कागदावर उभारलेली मोहीम तेथे, व कागदाविना चाललेले न्यायदान येथे, असा हा विरोध आहे. यावरून आपल्यासारख्यांनी घ्यावयाचा बोध एवढाच की, कागदाचे अस्तित्व पुरावा नव्हे आणि कागदाचा अभाव हा अभावाचा पुरावा नव्हे. परीक्षण दोहोंचेही झाले पाहिजे.

(६)

दुसरे प्रमाण भुक्ति, म्हणजे वहिवाट. न्यायसभेच्या निकालाने जे शेत सावकाराकडून कुळाकडे आले, ते १९४६ नंतर त्याच्याच वहिवाटीस राहिले की पुन्हा गेले? या प्रश्नाचे उत्तर पोवाड्यात नाही, पोलिसांच्या अहवालात नाही; ते गावच्या फेरफार नोंदवहीत व पीकपाहणीच्या रकान्यांत आहे. १९४८ चा कूळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी पुढे जमिनीच्या मालकीची मोठी उलथापालथ केली. त्या उलथापालथीपैकी कितीकीची सुरुवात १९४३ ते १९४६ या अवधीतच झाली होती, हे गाव घेऊन, गट घेऊन तपासण्याजोगे आहे. नाना स्वतः तलाठी होते, हा योगायोग येथे मार्गदर्शक ठरावा. ज्या दप्तराचा त्यांनी त्याग केला, त्याच दप्तरात त्यांच्या कार्याची खूण शोधावी लागणार आहे.

भुक्तीचाच दुसरा प्रकार संस्थांच्या रूपाने डोळ्यांसमोर आहे. कुंडल, वाळवे, सांगली, भुईंज या चारही ठिकाणी सहकारी साखर कारखाने उभे राहिले, व ते अनुक्रमे लाड, नायकवडी, वसंतदादा व किसन वीर या पत्री सरकारच्या मंडळींच्या नावांशी किंवा उद्योगाशी निगडित आहेत. वाळव्याच्या कारखान्यास तर पोलिसांच्या गोळीने पडलेल्या हुतात्मा किसन अहीर यांचे नाव दिलेले आहे. गावाने एकत्र येऊन आपला कारभार आपण करावा, या सवयीची ही पुढची पायरी होय. नानांनी स्वतः कारखाना काढला नाही, संस्था काढली नाही, संपत्ती जोडली नाही. त्यांचा मार्ग पक्षाने व विचाराने या मंडळींपैकी पुष्कळांहून वेगळा झाला. तथापि एका मुळाच्या या शाखा आहेत, हे विसरता येत नाही.

वारशाविषयीचा विरोध सर्वांत ठळकपणे ३० नोव्हेंबर १९५७ रोजी आमच्या महाबळेश्वर तालुक्यातच दिसला. प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते व्हावयाचे होते. निमंत्रण देणारे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे याच जिल्ह्यातील, बेचाळीसच्या याच चळवळीत भूमिगत राहिलेले. काळी निशाणे घेऊन पसरणीच्या घाटात व पोलादपूरच्या बाजूस उभ्या राहिलेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वतीने लोकसभेत बसणारे नाना पाटील हेही याच चळवळीतील. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांचा शत्रू एक होता, ते एका गडाच्या दोन वाटांवर समोरासमोर आले होते. तेव्हा पत्री सरकारचा वारस अमुक एक पक्ष, असे कोणी म्हणेल तर इतिहास त्यास दुजोरा देणार नाही.

(७)

तिसरे प्रमाण साक्षी. या बाबतीत काळाने आपणांस फार थोडी सवड दिली होती व तीही आता संपली आहे. जी. डी. बापू लाड २०११ साली, नागनाथअण्णा २०१२ साली, नानांच्या कन्या व स्वतः चळवळीत वावरलेल्या हौसाताई २०२१ साली, आणि तुफान दलाचे कॅप्टन रामचंद्र लाड २०२२ साली निवर्तले. यांपैकी काहींच्या आठवणी लिहिल्या गेल्या. कासेगावी येऊन राहिलेल्या गेल ऑम्व्हेट, तसेच आ. भा. शिंदे, पी. साईनाथ इत्यादिकांनी आपापल्या परीने साक्षी टिपल्या, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि पत्री सरकारचा अंमल किती गावांवर होता या मूलभूत प्रश्नासही दीडशेपासून सहाशेपर्यंत निरनिराळी उत्तरे छापली गेली आहेत. गावांची यादी सिद्ध झाल्यावाचून हा घोळ मिटावयाचा नाही.

अन्य देशांनी या बाबतीत काय केले ते पाहण्यासारखे आहे. आयर्लंडमध्ये इंग्रजी सत्तेविरुद्धच्या लढ्यात १९२० सालापासून लोकांनी स्वतःची न्यायालये चालविली. ती बंद केल्यावर १९२३ साली तेथील स्वतंत्र राज्याने कायदा करून त्या न्यायालयांचे निकाल नोंदवून घेण्याची व अपुरी प्रकरणे निकालात काढण्याची व्यवस्था केली. पुढे १९४७ ते १९५७ या दहा वर्षांत तेथील सरकारने १,७७३ साक्षीदारांचे जबाब लेखी घेतले, ते कुलूपबंद ठेविले, आणि २००३ साली सर्वांस खुले केले. बंगालमध्ये तामलुक येथे १७ डिसेंबर १९४२ रोजी जे राष्ट्रीय सरकार स्थापन झाले, त्यानेही न्यायालये चालविली, व त्याचे ‘विप्लवी’ हे पत्रक निघत असे. साताऱ्याच्या निकालांस मात्र स्वतंत्र भारतात कायद्याची मुद्रा मिळाली नाही, व जबाब घेण्याचे कामही सरकारने अशा पद्धतशीर रीतीने हाती घेतले नाही.

तरीही साक्षींचा एक मोठा साठा सरकारी दप्तरात नकळत जमलेला आहे. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन देण्याची योजना काढली. तुरुंगवासाचा दाखला नसलेल्या भूमिगतांस सहकाऱ्यांची प्रमाणपत्रे जोडावी लागत. त्या अर्जांत गाव, गट, काम, तारखा व साक्षीदार यांची माहिती आहे. हा पुरावा डोळे झाकून घेता येणार नाही. द्रव्यलाभाचा हेतू असला म्हणजे स्मृतीस फाटे फुटतात, व एकमेकांस दाखले देण्याची रीतही पडते. परंतु वतनाच्या तंट्यातील तकरीरा तरी निर्हेतुक कोठे असतात? परस्परविरुद्ध तकरीरांतून खरे निवडण्याची कला आपल्या मंडळींस चांगली अवगत आहे. तीच येथे लावावी.

(८)

नानांचे व त्यांच्या सरकारचे गुण सांगताना दोष झाकणे हे संशोधकाचे काम नव्हे. तळपायावर मार देण्याची शिक्षा क्रूर होती. ती दिल्यावर वरिष्ठ सभेकडे दाद मागण्याची सोय आरोपीस नव्हती. पोलिसांस बातमी देणाऱ्यांस जबर शिक्षा झाल्या. काहींचे प्राण गेले. लेखी निकाल नसल्यामुळे निरपराध्यास शिक्षा झाली असल्यास ती दाखवून देण्याचे साधनही त्याच्या वंशजांपाशी उरले नाही. लेखाचा अभाव हा चळवळीच्या रक्षणास जसा उपयोगी पडला, तसा तो तिच्या हातून झालेल्या अन्यायासही झाकून गेला. म्हणूनच साधने गोळा करण्यात नानांच्या चाहत्यांचे जेवढे हित आहे, तेवढेच ज्यांच्या घरी त्या मारांच्या कडू आठवणी आहेत त्यांचेही आहे. शिक्षा भोगलेल्यांच्या घराण्यांतील साक्षही त्याच आदराने टिपली पाहिजे.

हे सर्व तोलून पाहता प्रस्तुत लेखकाचा निष्कर्ष असा आहे की, नाना पाटलांच्या कारकीर्दीचे मर्म आगगाडी व खजिना यांत नसून न्याय गावात परत आणण्यात आहे. सव्वाशे वर्षे जो कुणबी मुद्रांक, वकील व तारखा यांच्या फेऱ्यात फिरत होता, त्यास आपल्या गावच्या पारावर, आपल्या भाषेत, आपल्या ओळखीच्या पंचांपुढे बोलता येऊ लागले. लोकसभेत मराठीतून बोलण्याचा आग्रह हीही त्याच प्रवृत्तीची निशाणी समजावी. हा निष्कर्ष अंतिम ठरविण्यास लागणारी साधने मात्र अद्यापि विखुरलेली आहेत.

ती कोणती, हे सांगून लेख पुरा करितो. गांधी विवाहांच्या लग्नपत्रिका, शाहिरांच्या वह्या, भूमिगतांच्या चिठ्ठ्या व पत्रके, सावकाराने परत केलेली किंवा फाडलेली गहाणखते, जप्तीच्या नोटिसा, तुरुंगातून आलेली पत्रे, निवृत्तिवेतनाच्या अर्जांच्या घरी राहिलेल्या नकला. यांपैकी एकाही कागदास बाजारात मोल नाही, व म्हणूनच ते घर शाकारताना किंवा माळा झाडताना बाहेर टाकले जातात. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला तो वाईस सापडलेल्या कागदांवरून. ते कागदही तोपर्यंत कोणा संग्राहकाने मोलाचे मानिले नव्हते. पारसनिसांनी साताऱ्यास जो संग्रह उभारला, तोही दारोदार हिंडूनच. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या संग्रही मोडीची रुमाले आहेत. कृष्णाकाठच्या गावी जुनी मोडी पत्रे पाहावयास जाल, तेव्हा त्याच घरातील सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या बाळबोध कागदांचीही विचारपूस करावी. गावाचे नाव, कागद कोणाकडून मिळाला ते व मिळाल्याची तारीख पाठीमागे टिपून ठेवावी. आणि कागद घराबाहेर देण्यास मालक कबूल नसल्यास त्याची नक्कल करून घ्यावी. गावागणिक अशी एक यादी तयार झाली, तरी पत्री सरकारचा अंमल कोठपर्यंत होता, त्याचे पंच कोण होते व त्यांनी काय निवाडे केले, या प्रश्नांची उत्तरे अंदाजावर सोडण्याची पाळी पुढील संशोधकांवर येणार नाही.